काकांनी आणलेली ‘आपली’ माती

मंडळी, तीनदा साबणाने हात धुतले, तरी बोटांना सडक्या अंड्यांचा वास येतोय. शी!

गेल्या महिन्यात आमचे काका कोकणात कुलदेवतेला जाऊन आले. येताना खाडीकाठच्या दलदलीतला काळा चिखल पोतंभर घेऊन आले. “ही आपली माती!” म्हणत त्यांनी आईच्या तुळशीचा गमला रिकामा केला, जुनी माती नालीत फेकली आणि हा चिखल भरून त्यात तुळस परत लावली. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखून नमस्कारही केला.

आज तुळस पुरती गेली. मी गमला उलटा केला. वर बुचासारखी हलकी ढेकळं, त्यांवर पिवळे डाग. खाली गिळगिळीत काळा लगदा आणि त्यात अर्धवट कुजलेली मुळं. एका हाताने नाक दाबून दुसऱ्याने ते सगळं उपसलं.

तिकडे हा चिखल भरतीच्या पाण्याने कायम भिजलेला असतो. हवा लागत नाही, म्हणून खारफुटीची मेलेली मुळं पुरती कुजत नाहीत, साठत जातात. इथे ग्वाल्हेरला, शिंदे की छावनीतल्या आमच्या छतावर तो वाळला, हवा लागली आणि त्यातल्या गंधकाचं आम्ल झालं. वर खारटपणा होताच. तुळस जगणार कशी?

काका म्हणतात, “तुझी श्रद्धाच नाही ना!”

चिखलाची किळस उद्यापर्यंत जाईल हो. पण ग्वाल्हेरच्या ज्या मातीत आईची तुळस इतकी वर्षं डोलली, ती परकी म्हणून नालीत गेली, त्याची किळस जात नाहीये. काका स्वतः कोकणात एक पावसाळाही राहिलेले नाहीत.

मग सांगा, आपली माती कुठली?