ताराक्काची बांधावरची वाट

सोवळ्यातल्या बाईला सायकलरिक्षात बसता येत नाही, बसमध्ये तर नाहीच नाही. म्हणून ताराक्का चालायची. आमच्या घरी श्राद्ध असलं की राजवाड्यामागच्या गल्लीतल्या विहिरीवर डोक्यावरून पाणी घ्यायचं, ओल्या लुगड्यानिशी पितळेची घागर भरायची, कमरेवर ठेवायची आणि अनवाणी निघायचं. चपला चामड्याच्या, म्हणजे त्याही वर्ज्य.

घरोबा जुना. ताराक्का लहानपणीच विधवा झाली आणि गल्लीतल्या, तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांची श्राद्धं रांधत म्हातारी झाली. १९५४ साली माझ्या वडिलांनी, सीतारामरावांनी, कालव्यापलीकडच्या वसाहतीत घर बांधलं. घरात नळ आला, विहीर नव्हती. नळाच्या तोंडात चामड्याची चकती असते, ते पाणी पितरांना कसं चालेल? ताराक्का म्हणाली, “मी आणतें की. त्यांत काय मोठं?” पुढे तिचे हात थरथरायला लागले, तेव्हा स्वयंपाकाला शेषम्मा आली. ताराक्काकडे पाणी तेवढं उरलं.

रस्त्याने यायचं म्हणजे बाजार, सायकली, शाळेची पोरं, कुणाचा ना कुणाचा धक्का ठरलेला. म्हणून तिने आपली वाट शोधून काढली होती. आधी शिवगंगेची बाग. सकाळी तिथे माळी आणि कडुलिंबाखाली पेपर वाचणारे दोन-तीन पेन्शनर, एवढेच असत. तिला बघून ते पाय वर घेऊन बसत. मग मोठ्या देवळाचा खंदक डावीकडे टाकून कालव्याचा बांध. गावाला तो कालवा ‘पुदु आरु’, नवी नदी. आषाढापासून पौषापर्यंत तुडुंब. चैत्रात कोरडा ठक्क, तळाशी म्हशी आणि क्रिकेट खेळणारी पोरं. बांधावरून मैलभर गेलं की नगरपालिकेचं छोटं पार्क. सिमेंटची बाकं, संध्याकाळी लावायचा रेडिओ आणि फाटकाशी एक नळ. तिथून आमचं घर दिसतं.

कॉलेजात जाताना मीही कधी त्या बांधाने जात असे. मोकळ्या हाताने, चपला घालून. तरी चैत्रातली बांधावरची तापलेली वाळू तळपायाला कळायची. ताराक्का घागर घेऊन मध्येच उभी राही. खाली ठेवायची सोय नव्हती, जमीन सोवळी थोडीच असते! एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घ्यायची आणि पुढे. तिच्या चालण्याला घाई नव्हती, उत्साह तर त्याहून नव्हता. बैल रहाटाला चालतो, तसं. “मडी, मडी! तळ्ळि पो!” सोवळं आहे, बाजूला व्हा, असं पोरांवर ओरडायची, तेवढाच काय तो जोर.

एकदा मी आईला म्हटलं, “तिला सांग की आता पुरे.” आई, म्हणजे राजलक्ष्मी, चार मुलं आणि सोवळं-ओवळं सांभाळून आधीच मेटाकुटीला आलेली. ती म्हणाली, “तें काम काढून घेतलं तर तिला कोण विचारणार? पान मांडायला तरी निमित्त हवं ना गं.” खरंच होतं ते. गल्लीतली बाकीची घरं मद्रासला, बंगलोरला गेली होती. ज्या घरी ताराक्कावाचून अडतं असं घर आमचं एकच. वर्षातून तीनदा का होईना, पण अडायचं. तिला जेवणाची पर्वा नव्हती. आपल्यावाचून अडतं, यावर ती जगत होती.

१९६४च्या चैत्रात आजोबांचं श्राद्ध आलं. ताराक्का नेहमीपेक्षा उशिरा पोचली. परसदारी घागर ठेवली आणि तुळशीपलीकडे भिंतीला टेकून बसली. डावा घोटा सुजला होता, लुगड्याला माती. आईने विचारलं तर म्हणाली, “कांही नाही. ऊन.” ब्राह्मण जेवले, वड्यांची तारीफ करून गेले. वडील पान आटोपून ओसरीवर कलंडले. आईने ताराक्काचं पान मांडलं, तर ती उठेना.

“राजलक्ष्मी, मजला वाढूं नको. अगोदर ऐक.”

मी पत्रावळी गोळा करत होते, शेषम्मा पातेली घासत होती. ताराक्का आमच्यापैकी कुणाकडेच न बघता बोलली.

म्हशींनी बांधाची कड तुडवली होती, तिथे तिचा पाय मुरगळला. घागर पालथी. पाणी वाळूने क्षणात पिऊन टाकलं. परत जावं तर श्राद्धाची वेळ टळणार, आणि त्या पायाने परत जायची ताकद तरी कुठे होती? कालव्यात म्हशींच्या डबक्याशिवाय पाण्याचा टिपूस नाही. लंगडत पार्कापर्यंत आली. नळासमोर उभी राहिली. बाकावरच्या कुणा बाईने विचारलंही, पाट्टी, म्हणजे आजी, भरून देऊ का? हिने नको म्हणून मान हलवली आणि आपल्या हाताने नळ सोडला.

“नळाचंच तें. माझ्या हातानं घातलं तुझ्या सासऱ्याला,” ताराक्का म्हणाली. “दोष माझा. काय प्रायश्चित्त तें शास्त्र्यांस विचार. तोंवर मी ह्या घरचं अन्न खाणार नाही.”

आई मटकन खाली बसली. मला वाटलं धक्का बसला. पण आईच्या तोंडावर काही निराळंच होतं. मणामणाचं ओझं खाली ठेवायला मिळावं, तसं.

“अक्का, कसलं प्रायश्चित्त घेतां? आम्ही कितीतरी दिवस नळाचंच पाणी घेतों. गल्लीतली ती विहीर मचूळ झाली. डाळ शिजत नाही, पायस फाटतं. शास्त्र्यांना विचारलं, ते म्हणाले, चालतं, माझ्याही घरी नळच आहे. ह्यांनाही ठाऊक आहे. तुम्हाला सांगायला मात्र कुणाचा जीव झाला नाही.”

ताराक्काने परसदारी ठेवलेल्या घागरीकडे पाहिलं.

“आणि माझं पाणी?” ताराक्काने विचारलं.

शेषम्माने पातेल्यातून मान वर न करता सांगून टाकलं, “झाडांना घालतें.”

भिडस्तपणा हा आमच्या लोकांचा जुना आजार. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून आम्ही त्याचे पाय मोडू देतो. मला त्या क्षणी आईचा, वडिलांचा, त्या शास्त्रीबुवांचा, सगळ्यांचा संताप आला. आजही येतो.

ताराक्का चिडली नाही. चिडायलाही बळ लागतं. सुजलेल्या पायाकडे बघत एवढंच म्हणाली, “बोलायचं होतं गं.” आई रडायला लागली. रडता रडता सांगत होती, की आता सोवळंही नको आणि घागरही नको, यापुढे रिक्षा पाठवीन, आरामात या, जेवून जा. ताराक्काने पान घेतलं आणि दोन घास खाल्ले. त्या दिवशी रिक्षानेच परत गेली.

भाद्रपदातल्या पक्षाला वडिलांनी कबूल केल्याप्रमाणे रिक्षा धाडली. कालवा तेव्हा काठोकाठ भरला होता. ताराक्का आली ती कोरड्या, इस्त्रीच्या लुगड्यात, पायात रबरी चपला. आईने सोवळं नेसायच्या आधी तिला हात धरून उतरवली. इतक्या वर्षांत आमच्या घरी श्राद्धाच्या दिवशी तिला कुणी हात लावल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. खुर्ची दिली, पंखा लावला. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

स्वयंपाकघरात गडबड चालली होती. ताराक्का उठून दारापर्यंत आली, उंबऱ्याबाहेरच थांबली. सोवळ्यात नव्हती, आत कशी येणार?

“राजलक्ष्मी, कांही काम सांग.”

“कांही नको अक्का, बसा तुम्ही. दमला असाल.”

“दमायला काय झालं? रिक्षातून आलें.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “नुसतं जेवायला मी कुणाच्या घरी कधी गेलें नाही गं. कांही तरी सांग.”

आईने इकडे तिकडे पाहिलं. भाजी चिरून झाली होती. शेषम्मा वडे तळत होती. मोरीतला नळ मोठा सोडलेला होता, बादली भरून वाहत होती. ताराक्का दारात हात मोकळे सोडून उभी होती आणि आईला तिला सांगण्यासारखं एकही काम सुचलं नाही.