खाबुऱ्याची दोरी

गोफ विणायला कुणीही शिकतं. उलगडायला शिकवताना माझा जीव जातो. छताला आठ रंगीत दोऱ्या टांगायच्या, एकेक टोक एकेकाच्या हातात द्यायचं, चौघांनी डावीकडे आणि चौघांनी उजवीकडे तोंड करून एकमेकांच्या आतून-बाहेरून नाचत जायचं, की वरून वेणी पडत येते. हे सोपं. मग सगळ्यांनी तोंडं फिरवायची आणि आलो तसंच माघारी जायचं, वेणी पूर्ण सुटेपर्यंत. इथे एकाचं पाऊल चुकलं की आठही जण अडकतात आणि माझ्याकडे बघत उभे राहतात. मी मस्कतच्या एका भारतीय शाळेत हिंदी शिकवायचे. आठवडाभर पोरं माझ्याकडे बघायचीच. शुक्रवारी संध्याकाळी गोफाच्या सरावाला मोठ्या माणसांनीही तेच करावं, याचा मला मनापासून वीट यायचा.

तरी दरवर्षी गणपतीच्या कार्यक्रमासाठी मी गोफ बसवायचे. दरवर्षी साधाच, कारण दरवर्षी माणसं नवी. कुणाची बदली व्हायची, कुणाचा व्हिसा संपायचा, कुणाच्या मुलाची दहावी यायची. डाव्या-उजव्यापासून पुन्हा सुरुवात. त्यातून जोडीच्या गोफापर्यंत, म्हणजे दोघांनी एक होऊन चालायचं तिथपर्यंत, क्वचित पोचायचो. त्याच्या पुढचा खांबाचा गोफ. त्यात चौघं खांबासारखी जागेवर उभी राहतात, उरलेली चौघं त्यांना वळसे घालतात आणि मध्येच आपापसांत अदलाबदल होते. तो कुडाळला शाळेत आमच्या ड्रिलच्या सरांनी आम्हाला शिकवला होता. ओमानात तो एकदा तरी उभा करायचा आणि मग हे सगळं बंद करायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. गुडघा दुखायला लागल्यापासून मी स्वतः नाचत नव्हते, कडेला खुर्ची टाकून ओरडायचे.

आणि मग काय झालं कोण जाणे, सलग तीन वर्षं तीच आठ माणसं टिकली. मस्कतमध्येच दार्सैतला एका व्हिलाचा खालचा हॉल आम्हाला वापरायला मिळाला होता. तिथल्या झुंबराच्या हुकाला दोऱ्या कायमच्या टांगलेल्या असायच्या. रुस्ताकहून एसी दुरुस्त करणारा आमच्या कुडाळकडचाच एक गडी यायचा, बाकीची दार्सैत-रुवीची. आणि एक खाबुऱ्याची, किनाऱ्यावरच्या दूरच्या गावातली. तिचा नवरा तिकडे एका कंपनीत इंजिनियर होता. तो दोन तास गाडी चालवून तिला आणायचा, सराव संपेपर्यंत बाहेर गाडीत बसून राहायचा, आणि मग दारात येऊन "यल्ला", म्हणजे चला, म्हणायचा. खाबुऱ्यात त्यांच्या आसपास दुसरं मराठी घर नव्हतं. आठवडाभरात शुक्रवारीच काय ते पोटभर बोलते, असं ती एकदा सहज म्हणाली होती.

ती उंचीला कमी, दोरी तिला नेहमी अपुरी पडायची. वेणी खाली यायला लागली की ती चवड्यांवर नाचायची. शेवटी तिने आपल्या हळदी दोरीच्या टोकाला नाडीचा फास बांधून घेतला. मला ते बघवायचं नाही, पण पाऊल तिचं कधी चुकलं नाही, त्यामुळे मी गप्प बसले. तिसऱ्या वर्षी खांबाचा गोफ जमायला लागला होता. अदलाबदलीच्या जागी अजून घोटाळा व्हायचा, तेवढाच. मी घरी जाऊन चहाच्या कपांवर ते वळसे घालून बघायचे आणि नवरा हसायचा.

तेलाचे भाव पडले होते, दर आठवड्याला कुणाच्या तरी जाण्याची बातमी असायची. आमच्यातलं कुणी जाईल ही धाकधूक मला होतीच. कार्यक्रमाला तीन शुक्रवार उरले असताना ती आली आणि पाणी पिता पिता म्हणाली, "ह्यांची नोकरी खलास झाली, बाई. मंगळवारचं तिकीट आहे." मला आधी राग आला, आणि तो तिचाच आला, हे खरं आहे. कार्यक्रम अलीकडे घेता येईल का म्हणून मी तिथूनच कार्यक्रम करणाऱ्या मराठी मंडळात फोन केला. स्टेज मिळणार नव्हतं.

त्या दिवशी आम्ही खांबाचा गोफ घेतला आणि पहिल्यांदाच तो वरपासून खालपर्यंत न चुकता विणला गेला. सगळे घामाघूम. मी "आता उलट" म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आज उलगडू नका ना, बाई. मी नाचलेलं राहू दे थोडे दिवस."

विणलेला गोफ तसा टाकून जायचं नाही, ज्यांनी विणला त्यांनीच उलगडायचा, असा आमच्या सरांचा दंडक होता. मीही तो इतकी वर्षं पाळला होता. पण दारात तिचा नवरा येऊन उभा होता, "यल्ला" न म्हणता, आणि माझ्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. मी "राहू दे" म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी सातजण आले. वेणी तशीच लटकत होती. सातांनी आपापली दोरी धरली. रुस्ताकचा गडी वर बघून म्हणाला, "मॅडम, ह्यो आता सोडवूचो कसो?" कुणी म्हणालं, स्टूल आणा, तिची दोरी ओढून काढू. "ओढायची नाही," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असणार, स्टूल आणायला निघालेला परत फिरला.

मी चप्पल काढली आणि फासात हात घातला. तो तिच्या मनगटाच्या मापाचा होता, मला घट्ट बसला. तीन वर्षं खुर्चीतून तिला बघितलं होतं, तेव्हा ती कुठे आत गेली, कुठे थांबली, कुणाशी जागा बदलली, हे मला पाठ होतं. ते सगळं मी आता उलटं चालत गेले. गुडघा ठणकत होता. ओरडायला कडेला कुणी नव्हतं आणि कुणी चुकलंही नाही.

शेवटचा पेच सुटला तेव्हा मी तिच्या सुरुवातीच्या जागेवर उभी होते. तिथून उघड्या दारातून बाहेरचं दिसत होतं, तिचा नवरा गाडी लावायचा ती जागा. माझ्या खुर्चीतून ती कधी दिसली नव्हती. आज तिथे काहीच नव्हतं. मला रडू आलं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, कारण फास निघत नव्हता.

"फास सोडवून देऊ काय?" रुस्ताकच्या गड्याने विचारलं.

"असू दे," मी म्हटलं. "पुन्हा विणायला घ्या."