ओढून पाहिलेले केस

माझ्या धाकट्या भावाच्या डोक्याला परक्या माणसानं हात लावला, म्हणून आमचं माहेरचं घर आठ दिवस पेटलेलं होतं. त्या आगीत मीही तेल ओतत होते. आता त्याची लाज वाटते आणि त्याहून जास्त राग येतो, म्हणून हे लिहिते आहे.

भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वारासिवनीला त्याचं मोटारपंपांचं दुकान आहे; मी लग्न होऊन इथे बालाघाटला. अठ्ठाविसाव्या वर्षीच त्याचं कपाळ मागे सरकत सरकत टाळूपर्यंत पोचलं. स्थळं यायची, फोटो जायचा, आणि मध्यस्थ तोंड बारीक करून परत यायचा. "पोरगा चांगला हाये जी, पन उमर जास्त दिसते." अशी सहा-सात स्थळं गेली. शेवटी तो नागपूरला जाऊन केस लावून आला. डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढायचे आणि समोर एकेक करून रोवायचे, अशी ती पद्धत. तिथल्या माणसानं हसत सांगितलं होतं, "तुमचेच केस, तुमच्यासारखेच येणार."

आले, पण तसे नाही. आधी लावलेले सगळे गळले, तेव्हा आईनं हायच खाल्ली. चौथ्या महिन्यात नवे निघाले ते जाड, रखरखीत, वळ्या पडलेले. भावाचे समोरचे केस लहानपणी इतके मऊ होते की त्यात भांग टिकायचा नाही. आता तिथे नारळाच्या काथ्यासारखं काहीतरी उभं होतं. दवाखान्यात फोन केला तर म्हणे, होतं असं, मागचे केस मुळातच जाड असतात, शिवाय नव्या जागी रुळायला वेळ लागतो, वर्ष-दीड वर्षात नरम पडतील. मग हे आधी सांगायला काय झालं होतं? तेव्हा फक्त हसऱ्या माणसांचे फोटो दाखवले. आई रोज खोबरेल चोळायची आणि ते केस तेल पिऊनही तसेच ताठ.

आठव्या महिन्यात स्थळ आलं. गाव कटंगीच्या पुढे. मुलगी एम.एस्सी. झालेली, शाळेत शिकवणारी. भावाला ती फोटोतच आवडली. आम्ही पाच जण गेलो: आई, बाबा, आत्या, भाऊ आणि मी. चहा झाला, बोलणं झालं. मुलीचा काका मघापासून भावाच्या कपाळाकडे टक लावून बघत होता. त्याच्या ओळखीत कुठेतरी एका नवरदेवाचा विग ऐन हळदीत निघून आला होता म्हणे. तो उठला, "राग मानू नका जी, जवाईबापू," म्हणाला आणि भावाचे केस मुठीत धरून त्यानं खसकन ओढले. भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. काका मात्र खूश. "पक्के हायेत!" खोलीतले त्यांच्याकडचे सगळे हसले.

घरी आलो आणि बाबांनी जेवणच सोडलं. आत्या तर ओट्यावर उभी राहून बोलत होती, "पोराच्या डोक्याले हात लावला! बाजारातला बैल हाये का तो?" भाऊ तीन दिवस दुकानात गेला नाही, टोपी घालून घरात बसून राहिला. मला म्हणाला, "ताई, मले असं वाटलं का मी मानूसच नाही." माझं काळीज तुटलं. काकाला शिव्या देण्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. बाबांनी निरोप धाडला की काकानं येऊन माफी मागावी, नाहीतर स्थळ संपलं.

आणि निरोप धाडून झाल्यावर बाबा म्हणाले, "आपल्या घरात कोनाचा असा अपमान आजपर्यंत झाला नव्हता."

मी कढीला फोडणी देत होते. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

याच घरात, याच समोरच्या खोलीत, मी बावीस वर्षांची असताना मला पाहायला आलेल्या बाईनं माझी वेणी सोडली होती. केस लांब होते, म्हणून तिला गंगावनाची, खोटे केस जोडल्याची शंका आली. आधी टोकं चाचपली, मग मुळाशी बोटं घालून ओढले. चार-दोन केस तिच्या हातात आले, ते तिनं चटईला पुसले. तेव्हा बाबा काय म्हणाले होते? "अस्सल हायेत जी, पाहून घ्या!" तेही छाती फुगवून. आई पोह्यांच्या बशा घेऊन आली. भाऊ दारात उभा राहून खिदळत होता. तीच बाई पुढे माझी सासू झाली. माझ्यासाठी कोणी जेवण सोडलं नाही. मीही दुसऱ्या दिवशी कॉलेजात पेपर द्यायला गेले.

मी हे सगळं तिथल्या तिथे बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, "ते रीत होती. पोरीची गोष्ट अलग राहते." अलग कशी? पोरीच्या केसांना मुळं नसतात? त्याचे तर रोवलेले होते, माझे जन्माचे होते.

आणि एक गोष्ट मी वर लिहिलीच नाही, कारण ती आमच्यापैकी कोणाच्या लक्षातसुद्धा राहिली नव्हती. काका उठायच्या आधी आत्यानं त्या मुलीला वेणी सोडायला लावली होती. मुलगी क्षणभर थांबली, मग सोडली. आत्यानं केस हातावर घेऊन पाहिले आणि "पतले हायेत," म्हणाली. मी बाजूलाच बसले होते.

आठवड्यानं उलटा निरोप आला. काका माफी मागायला तयार होता. पण मुलीचं म्हणणं होतं, आधी तुमच्या आत्यानं यावं.

बाबा कडाडले, "लग्नाच्या आधीच एवढी जबान!" भावाला मात्र ती मुलगी हवी होती. तो माझ्याकडे बालाघाटला आला. "ताई, तू समजाव ना तिले. एवढ्याशा गोष्टीसाठी काहून अडून राह्यली?"

एवढ्याशा! तीन दिवस टोपीखाली तोंड लपवून बसलेला माणूस हे बोलत होता. मी म्हणाले, "तिले काय समजावू? आत्याले घेऊन जाय. नाही येत, तर तू जाय."

"बाबा ऐकत नाही ना."

"मंग बाबाले सांग. तुह्या तोंडानं सांग."

तो चहा प्यायला आणि गेला. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण त्याला फक्त स्वतःचंच कळतं. स्थळ मोडलं. आता त्याचे केस खरंच मऊ पडू लागले आहेत. भांग पडतो, असं आई फोनवर कौतुकानं सांगते, आणि मला ते कौतुक ऐकवत नाही.

मी मध्यस्थाकडून त्या मुलीचा नंबर घेतला आणि शाळा सुटायच्या वेळी फोन केला. कोण बोलते आहे ते सांगितलं. माझी वेणी कशी सोडली होती तेही सांगितलं, आणि त्या दिवशी गप्प बसल्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "तुमच्यासंग बी असंच झालतं, तर मंग तुमी काहून नाही बोलल्या जी?"

आठ दिवस माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता, आता मात्र जे खरं होतं तेच सांगितलं. "मले त्यात काही वावगं दिसलंच नाही, बाई. तुहे केस कुठवर येतेत, तेच मी पाहत होती."

"हौ," ती म्हणाली. "वेनी सोडताना मी तुमच्याकडंच पाहून राह्यली होती."