शेवट गोळा करणाऱ्या वनिताबाई

कोणाच्याही घरी गेल्या की पाण्याचा पेला हातात घेतानाच वनिताबाई विचारायच्या, "तुमच्या घरी टीव्हीचा गेम होता का? मंग शेवटी काय झालं त्याच्यात?" घरातले बिचारे एकमेकांकडे बघत राहायचे. आरमोरीच्या आमच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवत, मी मराठी. पीएचडीला त्यांनी व्हिडिओ गेमचा इतिहास घेतला, तेव्हा स्टाफरूममध्ये कोणाला हसू आवरेना.

"हसा भाऊ, हसा," त्या म्हणाल्या. "नाटक पाहाले बैलबंडीनं जाणारे आपले लोक. टीव्हीवर खेळले तर त्याचंही नाटक नसन केलं का?"

आणि केलं होतं की! दोन भाऊ नदीपलीकडच्या किल्ल्यातून बहिणीला सोडवायला निघतात, असा एक कॅसेटवाला खेळ पूर्वी गावोगाव होता. पण आपल्याकडची वीज! दोघं किल्ल्याच्या दारात पोचले की लाइन गेलीच, आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून. शेवट कोणीच पाहिला नव्हता. मग लोकांनी आपापला जुळवला. आरमोरीत बहीण भावांवर रुसते, इतका उशीर काऊन केला म्हणून. सिंदेवाहीत ती स्वतःच सुटून येते आणि धानाच्या रोवण्याला लागते. अहेरीत लहाना भाऊ किल्ल्यातच राहतो. बाई हे हरखून सांगत आणि ऐकता ऐकता माझा चहा गार होई.

त्यांच्या मार्गदर्शक सरांना मात्र प्रबंधातलं हे शेवटांचं प्रकरण नजरेसमोर नको होतं. "खरा शेवट कंपनीला विचारा. हे चुकीचं आहे. काढा, नाहीतर मी सही करणार नाही."

"कंपनीचा शेवट कंपनीपाशी राहू द्या, सर. हा आपला आहे. डिगरी नाई भेटली तरी चालन, पण मी काढत नाई."

इतक्या वर्षांची मेहनत, आणि बाई हट्टाला पेटलेल्या! अखेर सरांनी कशीबशी सही केली, पण बजावलं, "परीक्षकांनी उडवलं तर मी मध्ये पडणार नाही."

तोंडी परीक्षेला आम्ही सगळे जाऊन बसलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उघडलं. "याला इतिहास म्हणायचं?"

बाईंनी अहेरीचा शेवट सांगायला घेतला. बहिणीच्या बदल्यात लहाना भाऊ आत थांबतो, ती सुटते, नदी ओलांडते. इथं बाई पाणी प्यायला थांबल्या.

परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. "मग? त्याला सोडवायला कोणी जातं की नाही?"

बाईंनी तोंड उघडायच्या आत मार्गदर्शक सरच म्हणाले, "जाते ना! बहीणच जाते त्याले आणाले!"

सर स्वतःच दचकले; हा शेवट बाईंच्या प्रबंधात कुठंच नव्हता. परीक्षकांनी हातातला पेन खाली ठेवला आणि बाईंना म्हणाले, "बसा. बसून सांगा सगळं."