टेंबेबाईंची वेबसाइट

चिंचवडच्या शाळेतले जुने विद्यार्थी टेंबेबाईंची आठवण काढतात ती फळ्यावरून. बाई चित्रकला शिकवायच्या, पण त्यांची खरी कीर्ती शाळेच्या दारातल्या त्या मोठ्या फळ्याची. प्रार्थनेच्या आधी त्यावर सुविचार, दिनविशेष, स्कॉलरशिपवाल्यांची नावं, सगळं रंगीत खडूंनी लिहून तयार. पाडव्याला गुढी, दसऱ्याला तोरण. आणि दुसऱ्या दिवशी, आदल्या दिवशीचं कितीही देखणं असो, ओल्या फडक्याने साफ. एकदा मुख्याध्यापकांनी शिवजयंतीचं चित्र आठवडाभर राहू द्या म्हणून विनवलं होतं. बाई म्हणाल्या, "शिळा फळा कुणी वाचत नाही, सर." आणि पुसलंच.

अशी ही पद्मा टेंबे निवृत्त झाली तेव्हा घरात सगळ्यांना एकच धास्ती होती, की आता हिच्या तडाख्यात कोण सापडणार. सापडली वेबसाइट.

नवरा सुरेंद्र. एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षं घालवून त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि भोसरी एमआयडीसीत एक गाळा घेतला. त्यात स्प्रिंगा बनवायच्या. पंपातल्या, कुलपातल्या, गाडीच्या सीटखालच्या, ज्यांच्याकडे जन्मात कुणी बघत नाही आणि ज्या मोडल्या की सगळं अडतं, अशा. मुलीच्या नावावरून कारखान्याचं नाव ठेवलं 'सुखदा स्प्रिंग्ज'. सुखदा मोठी होऊन कॉम्प्युटरच्या नोकरीला लागली, लग्न होऊन ताथवड्याला गेली, आणि एका रविवारी येऊन वडिलांना म्हणाली की चाकणच्या कंपन्यांतली नवी पर्चेसवाली मुलं ओळखीवर माल घेत नाहीत, आधी मोबाइलवर शोधतात. तिनेच वेबसाइट करून दिली. रोजची देखभाल कशी करायची ते आईला शिकवलं. आईचा वेळ जाईल, एवढाच तिचा हिशेब.

आईने वेबसाइटचा फळा केला. महिन्याभरात पहिल्या पानावर लाल-हिरव्या सावलीदार अक्षरांत सुविचार झळकायला लागला, खाली दिनविशेष, बाजूला नारळीपौर्णिमेच्या शुभेच्छा. स्प्रिंगा कुठेतरी तळाशी. एका पर्चेस मॅनेजरने सुरेंद्रला फोन करून विचारलं, "साहेब, सुविचार आवडला. पण हा कारखाना आहे की शाळा?" सुरेंद्र हसला आणि रात्री जेवताना त्याने ते सांगितलं. बाईंना राग आला. सुखदा म्हणाली, "आई, तो माणूस स्प्रिंग शोधत येतो. त्याला संस्कार नकोत, तारेची जाडी हवी."

बाई दोन दिवस घुश्शातच होत्या. पण हट्टी असल्या तरी त्या मठ्ठ नव्हत्या. आजूबाजूच्या गाळ्यांच्या वेबसाइट त्यांनी एकेक करून उघडून पाहिल्या. शेजारचा पत्र्याचा गाळा, आत धड पंखा नाही, आणि वेबसाइटवर पांढरी हेल्मेटं घातलेले निळ्या डोळ्यांचे साहेब हस्तांदोलन करताहेत. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. दुसऱ्याच्या पानावर जून महिन्यात दिवाळीच्या शुभेच्छा. तिसऱ्याचा फोन नंबर लावला तर तो नंबर अस्तित्वातच नाही. बाईंनी मनाशी ठरवलं की आपलं असं होऊ द्यायचं नाही.

सुविचार गेला. सावलीदार अक्षरं गेली. दोनच रंग राहिले. मग बाईंनी सुरेंद्रकडून प्रत्येक जातीची एकेक स्प्रिंग मागून घेतली, पुसून लख्ख केली, काळ्या कागदावर मांडली आणि गॅलरीतल्या सकाळच्या उजेडात फोटो काढले. मुलांना स्थिरचित्र शिकवताना मांडणी करायच्या तशीच मांडणी. उजेड डावीकडून, सावली उजवीकडे. सुरेंद्र चहाचा कप घेऊन उभा राहून बघायचा. "अगं, स्प्रिंग विकायची आहे, लग्नाला उभी नाही केलेली." पण फोटो पाहून फोन येऊ लागले तेव्हा तोच येणाऱ्या-जाणाऱ्याला मोबाइल काढून दाखवायचा. रोज सकाळी चहा झाला की बाई पान उघडायच्या. काही बदललं असेल तर बदलायच्या, नसेल तर निदान सगळं जागेवर आहे ना ते बघायच्या. चाकण, तळेगाव, रांजणगावहून नवी गिऱ्हाइकं आली ती याच दारातून.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात सुरेंद्र झोपेतच गेला.

नातेवाइकांना सुखदाने कळवलं, सोसायटीत शेजाऱ्यांनी. कुणाला काही सांगायची वेळ बाईंवर आली नाही. त्यांनी एकच गोष्ट केली. त्या दिवशी दुपारी, माणसं बाहेरच्या खोलीत बसलेली असताना, आत जाऊन त्यांनी वेबसाइट उघडली. पहिल्या पानावर सुरेंद्रचा फोटो लावला, भोवती झेंडूच्या हाराची चौकट काढली आणि खाली लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली. दुखवट्यानिमित्त आज कारखाना बंद राहील.' शाळेच्या फळ्यावर अशा किती श्रद्धांजल्या त्यांनी लिहिल्या असतील. हात आपोआप चालला. त्यानंतर त्यांनी ते पान उघडलं नाही.

तेरावा झाल्यावर सुखदाने गाळ्याचा विषय काढला. शेजारचा प्लास्टिकवाला जागा मागत होता. "आई, तुला हे झेपणार आहे का?" बाई म्हणाल्या, मी चालवणार. घरात बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा ते बरं, आणि मारुतरावांसारखी माणसं या वयात कुठे जाणार? मारुतराव म्हणजे गाळा सुरू झाल्यापासूनचे कारागीर, मावळातल्या गावाकडचे. मशीनच्या आवाजावरून तारेची जात ओळखतील, पण मोबाइल फक्त फोन उचलण्यापुरता. शेवटी मायलेकींचं ठरलं. मार्चअखेरपर्यंत चालवून बघायचं. नवीन काम आलं तर ठीक, नाही तर गाळा प्लास्टिकवाल्याला.

बाई रोज डबा घेऊन भोसरीला जायला लागल्या. बिलं बघायला शिकल्या, तारेचे वजनकाटे बघायला शिकल्या. जुन्या दोन-तीन गिऱ्हाइकांची कामं चालू होती, तेवढ्यावर एक मशीन चालायचं, दुसऱ्यावर कापड टाकलेलं. नवीन फोन मात्र एकही नाही. सुरेंद्रचा मोबाइल आता त्यांच्याच पर्समध्ये असायचा. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तो वाजला तर विम्यावाल्यांचा किंवा कर्जवाल्यांचा.

"वहिनी, राग धरू नका," मारुतराव एकदा डबा खाताना म्हणाले. "लोकं सायबांच्या तोंडाकडं बघून येत व्हती. आता ते न्हाईत. आमी काय, मशीन चालिवनार."

बाईंना ते पटलं, आणि तेच जास्त लागलं. म्हणजे कारखाना म्हणजे सुरेंद्र, आणि आपण नुसत्या रिकाम्या खुर्चीत बसलेल्या. एवढी वर्षं फोटो काढले, पान सजवलं, ते सगळं त्याच्या जिवावर. फेब्रुवारी संपत आला तेव्हा प्लास्टिकवाला येऊन गाळ्याची लांबी-रुंदी टेपने मोजून गेला. बाईंनी त्याला चहा पाजला.

त्या रात्री त्यांनी ठरवलं, की बंदच करायचं तर एकदा समोर जाऊन विचारून तरी बंद करायचं. चाकणला पंपाच्या एका कंपनीत अनिश नावाचा पर्चेसचा मुलगा होता. सुरेंद्रला तो काका म्हणायचा, वर्षातून चार-पाच ऑर्डरी हमखास द्यायचा. बाई नमुन्याच्या स्प्रिंगांचा डबा पिशवीत घालून बसने चाकणला गेल्या. गेटवर नाव लिहिलं, गळ्यात पास अडकवला आणि रिसेप्शनच्या गार हवेत पदर सावरून बसल्या.

अनिश आला तो गोंधळूनच. "काकू, तुम्ही? काकांचं फार वाईट झालं." मग जरा थांबून, "गाळा चालू आहे?"

"चालू आहे म्हणजे? पहिल्यापासून चालू आहे. एक मशीन रोज चालतंय. तुमच्याकडून काम का थांबलं, एवढंच विचारायला आले. माल खराब गेला असेल तर तसं सांगा."

अनिशने मोबाइल काढला, काहीतरी उघडलं आणि तो बाईंच्या हातात दिला. त्यावर सुरेंद्रचा फोटो होता. झेंडूचा हार. आणि खाली त्यांचंच वाक्य, आज कारखाना बंद राहील.

"सप्टेंबरमध्ये बघितलं तेव्हा वाटलं, राहू दे थोडे दिवस," अनिश म्हणाला. "नोव्हेंबरमध्ये ऑर्डर काढायची होती, तेव्हा परत उघडलं. तरी आज बंद. जानेवारीत आमच्या नवीन मुलीने बघितलं. ती म्हणाली, सर, हे बंद पडलेत. मी म्हटलं, असेल. फोन करावासा वाटला होता, काकू. पण ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना फोन करून स्प्रिंगा चालू आहेत का, असं कसं विचारायचं?"

बाई मोबाइलकडे बघत राहिल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दिवाळीच्या शुभेच्छा जूनपर्यंत ठेवणाऱ्यांना त्या हसल्या होत्या. इथे त्यांनी स्वतः आपल्या हाताने दाराला कुलूप घातलं होतं आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून आतल्या बाजूला बसून रडत होत्या. सुरेंद्र नाही म्हणून लोक गेले नव्हते. त्यांनी लिहिलेलं लोकांनी वाचलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की अनिशने मागवलेला चहा त्यांनी तसाच ठेवला. नमुन्याचा डबा त्याच्याकडे ठेवून त्या निघाल्या.

घरी आल्या तेव्हा चार वाजत होते. सुखदाला फोन केला. ऐकून ती म्हणाली, "माझीच चूक आहे, आई. मीही उघडून बघितलं नाही. मलाही बघवत नव्हतं. थांब, मी इथूनच काढून टाकते, दोन मिनिटांचं काम आहे."

"नको. माझं मी करते."

पण कॉम्प्युटर सुरू करून त्या तशाच बसून राहिल्या. आजवर त्यांना वाटत होतं, दुःखामुळे आपण हे पान उघडत नाही. आता समोर फोटो आल्यावर खरं काय ते कळलं. तो हार होता तोवर सांगण्याचं काम तो करत होता. ज्याला कळायचं त्याला तिथे कळत होतं, आणि 'सुरेंद्र गेला' हे आपल्या तोंडाने उच्चारायची पाळी त्यांच्यावर येत नव्हती. सहा महिन्यांत त्यांनी ते एकदाही उच्चारलं नव्हतं. 'हे झालं तेव्हा', 'त्यानंतर', असंच म्हणायच्या. आता तो काढला तर फोन येणार, आणि प्रत्येकजण सुरेंद्रलाच मागणार.

त्या बऱ्याच रडल्या. मग तोंड धुऊन आल्या आणि ते सगळं काढलं. सुरेंद्रचा मशीनपाशी उभा असलेला, बाह्या दुमडलेला फोटो त्यांनी 'आमच्याविषयी'च्या पानावर लावला, हाराशिवाय. पहिल्या पानावर पुन्हा काळ्या कागदावरच्या स्प्रिंगा आल्या. फोन नंबर तोच ठेवला. खाली लिहिलं, 'कारखाना सुरू आहे. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी.'

फोन आला तो पुढच्या सोमवारी, गाळ्यात. मारुतराव मशीनवर होते. अनोळखी नंबर, तळेगावच्या कुठल्याशा कंपनीतला माणूस, घाईत असलेला.

"सुखदा स्प्रिंग्ज ना? टेंबेसाहेबांना द्या जरा."

बाईंनी टेबलाची कड धरली. मारुतरावांनी मान वर करून पाहिलं आणि मशीन बंद करायला हात नेला. बाईंनी हातानेच त्यांना चालू ठेवा म्हणून खूण केली.

"साहेब वारले," त्या म्हणाल्या. "गणपतीच्या आधी. मी त्यांची बायको बोलतेय."

पलीकडचा माणूस गडबडला. सॉरी म्हणाला, मला माहीत नव्हतं म्हणाला, मग नंतर करू का म्हणून विचारू लागला.

"नंतर कशाला? आत्ताच सांगा. कुठली स्प्रिंग हवी आहे?"

त्याने तारेची जाडी सांगितली. मशीनच्या आवाजात ती बाईंना नीट ऐकू आली नाही, म्हणून त्यांनी त्याला पुन्हा सांगायला लावलं.