हनुवटीने ऐकलेली तार

ज्याने रित्या आकाशात पहिला नाद भरला आणि तो ऐकण्यासाठी माणसाला कान दिले, त्या दयाघनाला आधी साष्टांग नमस्कार. वाजविणारा तो, ऐकणाराही तोच; मध्ये आपण केवळ ताणलेली तार. अशाच एका तारेवर जिचे उभे आयुष्य खेळले, त्या खारूताईची कथा सांगतो, सज्जनहो, प्रेमाने ऐका.

खारूताई हे तिचे कागदोपत्री नाव नव्हे. टेनिसच्या मागच्या रेषेवर ती या टोकाहून त्या टोकाला अशी धावे, की तिची आत्या एकदा जाळीबाहेरून ओरडली, "अगं खारूताई, श्वास घे की जरा!" नाव चिकटले ते चिकटलेच.

आत्याचा धंदा रॅकेटला तारा भरण्याचा. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचे जुने यंत्र, भिंतीवर तारांची वेटोळी. यंत्राच्या ताण दाखविणाऱ्या काट्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तार ओढावी, नखाने छेडावी, कान द्यावा आणि म्हणावे, "बोलली!" मगच गाठ. गाठही तिची स्वतःची, दुहेरी पिळाची.

त्या तारांवर खारूताई चौदा वर्षे व्यावसायिक टेनिस खेळली. कीर्ती म्हणाल तर बेताचीच. बसचे प्रवास, स्वस्त खोल्या, बेसिनमध्ये धुऊन खिडकीत वाळत घातलेले मोजे. वर्षातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत ती सात वेळा उतरली आणि सातही वेळा शेवटच्या सामन्यात हरून दारातूनच परतली. आता गुडघा कुरकुरत होता. डॉक्टरांनी सांगितले होते, हे शेवटचे वर्ष. देवापाशी तिचे मागणे एवढेच: एकदा, फक्त एकदा, मुख्य स्पर्धेच्या फलकावर आपले नाव लागावे.

आणि नेमके त्याच वर्षी चेंडू रेषेबाहेर पडू लागले. थोडेथोडके नव्हे, हातभर! तीन स्पर्धांत ती पहिल्याच फेरीत गारद झाली. चौथ्या ठिकाणी तिथल्या तारवाल्याने रॅकेट मापकावर धरली आणि भुवया उंचावल्या. "ताई, ताण चार किलो कमी आहे हिचा; ढिली तार चेंडू लांब फेकते. कुणी भरली?"

दारावरची घंटा आत्याला ऐकू न येणे, शिटी घालणारी किटली तशीच उकळत राहणे, सारे खारूताईच्या एकदम ध्यानात आले. आत्याचा कान गेला होता!

हे आत्याला सांगणार कोण? तिने गुपचूप त्या तारवाल्याकडून तारा भरून घेतल्या, दोन सामने जिंकली आणि घरी आली. प्रेमाने माणूस किती भाबडे होते पाहा! एक गोष्ट ती साफ विसरली. आत्याने नेहमीप्रमाणे जुन्या तारा कापायला पिशवी उघडली, रॅकेट उलटी केली आणि तिचा हात थांबला.

"ही गाठ माझी नाही."

"आत्या, ते... घाईत..."

"मोठ्याने बोल! घरात सगळेच हल्ली पुटपुटता."

खारूताईला हुंदका आवरेना. तिने ओरडूनच सांगितले, "आम्ही पुटपुटत नाही गं! तुला ऐकू येत नाही! तुझ्या तारा ढिल्या पडतात!"

आत्या स्टुलावर बसली. बराच वेळ तिने कात्री नुसतीच उघडमीट केली. मग कडाडली, "तीन स्पर्धा हरलीस आणि माझी लाज राखत बसलीस? चेंडू काय माझे वय बघून रेषेच्या आत पडणार होता?"

"मग काट्यावर भर ना आता."

"काटा! तो माझ्याहून म्हातारा आहे."

तिने दुसऱ्याची गाठ असलेली ती रॅकेट उचलली आणि तार छेडली. काहीच नाही. कानाशी धरून छेडली. काहीच नाही. तेव्हा त्रासून तिने दांडा हनुवटीखाली रोवला, जबडा आवळला आणि पुन्हा छेडली. तिचे डोळे मोठे झाले. कानाने सोडलेला नाद हाडातून वर चढत होता! देवाने एक खिडकी मिटली होती, सारे घर नव्हे.

"बोलली गं," ती हळूच म्हणाली. "अगदी डोक्यात बोलली."

मग सहा रॅकेटी आत्याने हनुवटीने ऐकून भरल्या. हनुवटीवर लाल वळ उठला. शेजारीण म्हणाली, "आत्याबाई, या वयात तुम्हीही खेळायला लागलात की काय?" आत्याला ते ऐकू आले नाही, म्हणून तीही मनापासून हसली.

आठव्यांदा पात्रता फेरीचा शेवटचा सामना आला. तिसऱ्या सेटच्या अखेरीस खारूताईने चेंडू कोपऱ्यात मारला. तो रेषेवर पडला, आत! फलकावर नाव लागले. पुढच्या फेरीत एका नामांकित मुलीने तिला तासाभरात हरवले, याचे दुःख तिला झालेच नाही. त्याच हिवाळ्यात तिने स्पर्धा सोडल्या. आता ती आत्याच्या शेजारी बसून तारा ओढते. छेडते मात्र आत्याच.

हे नादरूपा नारायणा, त्या खिडकीखालच्या दोन स्टुलांवर तुझी कृपा असू दे. खारूताईच्या गुडघ्याला विसावा दे, आत्याच्या हनुवटीला बळ दे, आणि त्या घरातली एकही तार बोलल्यावाचून राहू देऊ नकोस.