कपाटातला पट्टा

आमच्या घरात नवी वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते. स्टीलचे डबे, पाहुण्यांच्या चादरी, आहेरातला कपबशांचा सेट, सगळं कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. सासूबाईंनी ती माझ्याकडे दिली तेव्हापासून मी कुणाच्या हातात दिली नाही. मला त्या किल्लीचा तोरा होता, उगाच खोटं कशाला बोलू.

घर आमचं सांगवीकडं, नीरेच्या काठावर, आणि कलिंगडाचं रान नदीच्या पलीकडं. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडलं की पुलावरून वळसा घालायचा सगळ्यांनाच कंटाळा. गाड्या सरळ वाळूतून घालायच्या. जाताना रिकामी गाडी जाते, येताना माल भरलेला असला की मागची चाकं रुततात. मग ट्रॅक्टर बोलवायचा आणि तारेचा जुना रोप लावून ओढायचं. कारखान्यावर क्रेननं ऊस उतरवायला ट्रॉलीत हे रोप अंथरतात. तिथं बाद झालेला रोप आमच्याकडं गाड्या ओढायला. गावात सगळे हेच करतात.

मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते पटायचं नाही. रोज सकाळी पिकअपच्या चाकांची हवा बघितल्याशिवाय चहा न घेणारा माणूस तो. एकदा त्या रोपाची सुटलेली तार धाकट्या दिरांच्या तळव्यात घुसली, तेव्हा त्याच आठवड्यात ते मला घेऊन बारामतीला गेले.

दुकानदारानं काउंटरवर साखळी, तारेचा नवा रोप, नायलॉनचा दोर आणि चार बोटं रुंद विणलेला पट्टा, असं सगळं मांडलं. मी तारेवर बोट ठेवलं. मला तोच दणकट दिसला.

"ताई, वाळू चाक एकदम सोडत न्हाय," तो म्हणाला. "तार ताणत न्हाय. गाडी आली तर आली, न्हाय तर तार तुटती, आन तुटली की कुणाच्या अंगावर जाईल त्याचा नेम न्हाय. ह्यो पट्टा आधी ताणतो, मग गाडीला सावकाश वर घेतो."

तसलाच दिसणारा दुसरा एक पट्टा होता, तो म्हणे माल उचलायचा, तो ताणत नाही, तो नको. मला दोन्ही टोकांना लोखंडी हूक असलेला आवडला, अडकवायला सोपा म्हणून. त्यानं तो बाजूला सारला. हूक निसटला की माणसाचं डोकं फोडतो म्हणाला, टोकाला शिवलेला फासच हवा. मालकांनी भरल्या गाडीचं वजन सांगितलं, पट्टा किती ओढ सोसतो ते विचारलं, लांबी दोनदा मोजायला लावली. ट्रॅक्टर काठाच्या घट्ट जमिनीवरच उभा राहायला पाहिजे, नाहीतर तोही रुतायचा, हा त्यांचा हिशेब.

मला ताटकळून कंटाळा आला होता. "लग्नाचा शालू घेताना एवढा येळ न्हाय लावला तुमी," मी म्हणाले.

"शालू एकदा नेसायचा व्हता," ते म्हणाले. "ह्यो दरसाल लागणार."

निघताना दुकानदारानं बजावलं की वापरल्यावर पट्टा धुवा, वाळूचे कण आत राहिले तर धागे कापतात, उन्हात टाकू नका, गाठ मारू नका. मालकांनी ते वापरण्यासाठी ऐकलं. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं की वाळूनं हा खराब होतो आणि उन्हानंही. घरी आल्या आल्या मी तो प्लास्टिकसकट कपाटात ठेवला, चादरींच्या वर. दसऱ्याला बाहेर काढला, कोयता-विळ्यांच्या शेजारी मांडून हळदकुंकू लावलं आणि परत आत. मालक म्हणाले, गाडीत राहू दे. मी म्हणाले, लागंल तवा देते की.

पुढच्या उन्हाळ्यात कलिंगडाचा पहिला तोडा होता. सकाळी दहाच्या सुमारास पिकअप भरून निघाली आणि पात्राच्या मध्यावर बसली. मी बायकांना रानातच ठेवून खाली आले. धाकटे भावजी ट्रॅक्टर घेऊन आलेच होते.

मालकांनी माझ्यापुढं हात केला. "किल्ली दे. मोटरसायकलवर जाऊन पट्टा आणतो."

मी म्हणाले, "आवं, नवाकोरा पट्टा ह्या फुफाट्यात लोळवायचा? रोप हाय की ट्रॅक्टरवर. आजच्या दिवस चालवा."

हात त्यांनी क्षणभर तसाच ठेवला. मग हसले. "बरं बाई, तुझा पट्टा सुखी राहू दे."

रोप आखूड, म्हणून ट्रॅक्टर वाळूतच उभा करावा लागला. दोन हिसक्यांत गाडी हलली नाही. मालक मागच्या चाकापुढची वाळू फावड्यानं काढून बाजूला सरकत होते, तेवढ्यात तिसरा हिसका बसला. रोप मधोमध तुटला आणि त्याचं टोक त्यांच्या पोटावर बसलं. रक्त आलं नाही. ते वाळूत बसले, म्हणाले, "काय न्हाय झालं," आणि मला उठवा म्हणाले. आम्ही उठवलं, पण पायांनी त्यांना धरलं नाही.

बारामतीच्या दवाखान्यात ते नऊ दिवस होते. तिसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आला. नवा पट्टा घेतल्याचं त्याला गावात कळलं होतं; तो असताना जुना रोप का लावला, त्यानं विचारलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि त्याला सांगितलं, "घरी राहिला. आणायचा इसरलो मी."

मी तोंड उघडलं नाही. त्या वेळी वाटलं, बरे होऊन घरी आले की माफी मागीन. ते आले नाहीत.

दहाव्याला नदीवर माणसं बोलत होती, एवढा दक्ष माणूस आन नेमका इसरला. ते वाक्य मी चार वर्षं ऐकलं. लग्नात, बाजारात, माझ्याच ओट्यावर. जो माणूस आयुष्यात काही विसरला नाही त्याच्या नावाला तेवढंच चिकटलं, आणि मी मान हलवत राहिले. स्वतःची किळस यायची, तरी मान हलायची.

परवाच्या दसऱ्याला मी पट्टा काढला. प्लास्टिक तसंच, वर जुनं कुंकू. शेजारची एक म्हातारी पूजा बघायला आली होती, ती हळहळली, "इसरला नसता तर आज असता."

मी हातातली हळदीची वाटी खाली ठेवली. मी म्हणाले, "इसरले न्हाईत. किल्ली मागितली व्हती. मी दिली न्हाय."

भावजी ट्रॅक्टरला झेंडूचा हार बांधत होते, त्यांनी गाठ पुरी केली.

"म्हाईत हाय, वहिनी," ते म्हणाले. "तुमच्या मागंच रोप अडकवत व्हतो मी. समदं ऐकलं."

"मग चार वर्सं तुमीबी तेच का सांगत आला?"

"दादानं दवाखान्यात हात धरून सांगितलं व्हतं. तिला कुणी बोलायचं न्हाय म्हणला."

त्यांनी पट्ट्याचं प्लास्टिक दातानं फाडलं, पट्टा गुंडाळून ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवला आणि पेटी नुसती लोटून घेतली. किल्ली माझ्या कमरेला होती. ती मी सोडून त्यांच्या हातात द्यायला गेले, तर ते म्हणाले, आता कशाला.